सॉफ्टवेअर कधी रिलीज करावे: आधी काय पक्के करायचे आणि मागाहून काय

सॉफ्टवेअर लवकर वापरकर्त्यांच्या हाती द्यावे की सगळे घासूनपुसून झाल्यावरच द्यावे, या प्रश्नावर बहुतेक टीममध्ये दोन तट पडतात आणि दोन्ही तटांकडे आपापले दाखले तयार असतात. लवकर देणारे लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव घेतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ ही आवृत्ती खुली केली तेव्हा तिच्यात रोजच्या वापराजोगे फारसे काही नव्हते, १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली, आणि मधल्या अडीच वर्षांत वापरणाऱ्यांनीच दोष शोधले, दुरुस्त्या पाठवल्या आणि भर घातली. थांबा म्हणणारे ‘सायबरपंक २०७७’ या गेमकडे बोट दाखवतात. डिसेंबर २०२० मध्ये तो इतक्या सदोष अवस्थेत बाजारात आला की आठवडाभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि तेथे परत यायला त्याला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. मात्र हा दुसरा दाखला देणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: तो गेम त्याच वर्षात तीन वेळा पुढे ढकलला गेला होता. नुसते थांबल्याने काम पक्के होत नाही.

माझ्या मते हा प्रश्न संपूर्ण सॉफ्टवेअरला उद्देशून विचारला जातो तेथेच गफलत होते. एकाच सॉफ्टवेअरमध्ये काही निर्णय उद्या सकाळी बदलता येतात आणि काही निर्णय एकदा बाहेर पडले की कायमचे गळ्यात पडतात. पहिल्या प्रकारच्या निर्णयांवर महिनोन्महिने घालवणे जितके व्यर्थ, तितकेच दुसऱ्या प्रकारचे निर्णय घाईत बाहेर सोडणे महाग. म्हणून रिलीजची तारीख ठरवण्याआधी सॉफ्टवेअरचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळा प्रश्न विचारावा: हे मागे घेता येईल का?

मागे घेता न येणाऱ्या गोष्टींची यादी

कागदावर दोन रकाने करावेत, पहिला मागे घेता न येणाऱ्या निर्णयांचा आणि दुसरा सहज बदलता येणाऱ्यांचा, आणि प्रत्येक निर्णयासमोर एकच कसोटी लावावी. हा निर्णय सहा महिन्यांनी बदलायचा ठरला, तर आपल्या टीमबाहेरच्या किती जणांना आपले काही ना काही बदलावे लागेल? उत्तर ‘कोणालाच नाही’ असे आले, तर तो निर्णय कच्चा असतानाही बाहेर जाऊ शकतो. उत्तर ‘प्रत्येकाला’ असे आले, तर त्यावर आताच बसावे.

बाहेरच्यांची संख्या थोडी असली तरी फसू नये. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हा, कोडच्या फाइलींपासून सॉफ्टवेअर आपोआप बांधून देणारा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा त्याच्या फाइलमधील आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, साध्या मोकळ्या जागा चालणार नाहीत, असा नियम त्यात होता. नियम गैरसोयीचा असल्याचे लवकरच ध्यानात आले, पण तोवर डझनभर लोक तो प्रोग्रॅम वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून नियम तसाच ठेवला गेला. त्या डझनभरांची सोय झाली, आणि पुढची पन्नास-एक वर्षे जगभरचे प्रोग्रॅमर डोळ्यांना न दिसणाऱ्या टॅबपायी कपाळाला हात लावत आले. वेबच्या एचटीटीपी या नियमावलीतही असेच झाले. वाचक आधीच्या कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या हेडरच्या इंग्रजी नावातील एक अक्षर गळले, ते नाव १९९६ मध्ये ही नियमावली मांडणाऱ्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात तसेच छापले गेले, आणि आजचे ब्राउझरही ती स्पेलिंगची चूक इमानेइतबारे पुढे चालवत आहेत. दोन्ही ठिकाणी चूक क्षुल्लक होती. ती ज्या जागी होती ती जागा क्षुल्लक नव्हती.

पहिल्या रकान्यात साधारणपणे काय येते ते एका उदाहरणावरून पाहू. समजा आपण वाचनालयातील पुस्तकांची देवघेव नोंदवणारे सॉफ्टवेअर करत आहोत. सभासद क्रमांकाची रचना, तारखा आणि वेळा कोणत्या रूपात साठवायच्या, दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती पुरवणाऱ्या इंटरफेसमधील नावे, पुस्तकाच्या पानाचा वेबपत्ता, पासवर्ड साठवण्याची पद्धत, एखाद्याने कोणती पुस्तके वाचली हे कोणाला दिसावे, नोंद पुसण्याचा अधिकार कोणाला, आणि सभासदांना आपोआप जाणारे संदेश, हे सारे या रकान्यात पडते. चुकून पाठवलेला संदेश परत येत नाही. उघड झालेली खासगी माहिती पुन्हा खासगी होत नाही. दुसऱ्या रकान्यात मुख्य पडद्याची मांडणी, शोधनिकालांचा क्रम, रंग, बटणांवरील शब्द, अहवालांचे तक्ते आणि पडदा उघडण्याचा वेग येतो. टीममधील वाद मात्र बहुधा या दुसऱ्या रकान्यावरच रंगतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. मी स्वतः एका अहवालाच्या पडद्यावर तीन आठवडे घालवले आणि त्याच काळात तारखा कोणत्या वेळविभागानुसार साठवाव्यात हे पाच मिनिटांत ठरवून टाकले. तो पडदा वर्षभरात रद्द झाला. तारखांचा घोळ निस्तरायला दोन वर्षे गेली.

पहिला रकाना लहान करावा

यादी झाल्यावर पहिल्या रकान्यातील प्रत्येक गोष्ट परिपूर्ण करत बसायचे असे नाही. आधी तिला दुसऱ्या रकान्यात ढकलता येते का ते पाहावे. या कामात दिलेला वेळ जितका परत मिळतो तितका इतर कशातही मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

वाचनालयाच्या उदाहरणात उशिराचा दंड घ्या. दंडाचा हिशेब झाल्यावर फक्त अंतिम आकडा साठवला, तर सूत्रातील चूक कायमची नोंदीत शिरते. त्याऐवजी पुस्तक कधी नेले आणि कधी परत केले एवढ्या मूळ घटना साठवल्या आणि दंड दर वेळी त्यांवरून काढला, तर सूत्र चुकले तरी सगळे आकडे पुन्हा मांडता येतात. दंडाचे सूत्र आता कच्चे असतानाही बाहेर जाऊ शकते. नोंद पुसण्याचेही तसेच आहे. ‘पुसा’ म्हटल्याबरोबर नोंद नष्ट न करता तिच्यावर खूण करून ती महिनाभर बाजूला ठेवली, की भयंकर चूक साधी गैरसोय होऊन जाते. मात्र वापरकर्त्याने स्वतःची खासगी माहिती काढून टाकायला सांगितले असेल, तर किती दिवसांनी ती खरोखर नष्ट होईल हे त्याला स्पष्ट सांगावे. फाइलचा स्वतःचा आराखडा असेल, तर तिच्या सुरुवातीलाच आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा; पुढे आराखडा बदलला तर जुनी फाइल ओळखण्याचा तोच एक सोपा मार्ग असतो.

डेटाबेसमधील बदल दोन टप्प्यांत करावेत. आधी जुना स्तंभ तसाच ठेवून नवा जोडावा आणि काही काळ दोन्हींत लिहावे. नव्यावर भरवसा बसल्यानंतरच, आणि तेही वेगळ्या रिलीजमध्ये, जुना काढावा. असे केले तर मधल्या काळात प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती परत आणली तरी तिला तिचा डेटा सापडतो. एकाच रिलीजमध्ये दोन्ही उरकणाऱ्याने परतीची वाट स्वतःच बंद केलेली असते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे न देणे. सुविधा नसेल तर ती पुढे देता येते, पण दिलेली सुविधा काढून घेतली की ओरड होते. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवण्याची सोयच नव्हती. ती २००९ च्या जूनमध्ये आली. टीका पुष्कळ झाली, पण अर्धवट सोय देऊन लोकांच्या बोटांना चुकीची सवय लागली असती तर ती मोडणे अधिक कठीण गेले असते. पहिल्या रिलीजमध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी इंटरफेस द्यावा का, असा प्रश्न असेल आणि तो कोणी मागितलेला नसेल, तर देऊ नये.

चाचणी कोठे थांबवावी

आपल्याच खोलीत बसून चाचणी करत राहिल्याने मिळणारा लाभ झपाट्याने घटतो. यामागचे कारण १९८४ मध्ये आयबीएमच्या एडवर्ड ॲडम्स यांनी दाखवून दिले. कंपनीच्या मोठ्या सॉफ्टवेअरमधील दोषांचा अभ्यास करताना त्यांना आढळले की सुमारे एक-तृतीयांश दोष इतके विरळ होते की एका यंत्रावर त्यातला एखादा सरासरी ५००० वर्षांतून एकदा उगवावा. वापरकर्त्यांना भेडसावणारा बहुतेक त्रास मोजक्या, वारंवार उगवणाऱ्या दोषांमुळे होत होता. ते मोजके दोष थोड्या चाचणीत किंवा थोड्या खऱ्या वापरात लगेच सापडतात. उरलेले शोधत बसणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय, आणि सुई सापडली तरी ती कोणाला टोचलीच असती असे नाही.

पण हा युक्तिवाद फक्त दोषाच्या वारंवारतेचा आहे, परिणामाचा नाही. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे उदाहरण याच कारणासाठी लक्षात ठेवावे. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने किमान सहा रुग्णांना प्रचंड प्रमाणात जादा किरणोत्सर्ग दिला आणि त्यांतील काही दगावले. एक दोष असा होता की यंत्रचालकाने भरलेली माहिती काही सेकंदांच्या आत झटकन दुरुस्त केली तरच तो उगवे. चाचणी करणारे नवखे सावकाश टंकत असत. सरावलेल्या चालकांची बोटे मात्र जलद चालत. शिवाय आधीच्या यंत्रांत असलेले विद्युत-यांत्रिक अटकाव या यंत्रात काढून सारा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकलेला होता. जेथे चुकीची किंमत शरीराने, जन्मभराच्या बचतीने किंवा स्वातंत्र्याने चुकवावी लागते, तेथे ‘लवकर द्या, मागाहून सुधारा’ हा सल्ला मुळातच लागू होत नाही. त्या कामाच्या वेगळ्या पद्धती आहेत आणि हा लेख त्यांना पर्याय नाही.

इतरांसाठी थांबण्याची रेघ अशी आखता येते. पहिल्या रकान्यात उरलेल्या प्रत्येक गोष्टीची चाचणी लेखी असावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ नये. दुसऱ्या रकान्यातील मुख्य वाट, म्हणजे पुस्तक शोधणे, देणे आणि परत घेणे, अडखळत का होईना शेवटपर्यंत चालली पाहिजे. बाकी कच्चे चालेल.

पहिला गट आणि परतीची वाट

लवकर देणे म्हणजे सगळ्यांना एकदम देणे नव्हे. सुरुवात पाच-सहा जणांपासून करावी आणि शक्य असेल तर त्यांच्या शेजारी बसून, तोंड बंद ठेवून पाहावे. त्यानंतर एक टक्का वापरकर्ते, मग दहा टक्के, मग सगळे, अशा पायऱ्या ठेवाव्यात. प्रत्येक पायरीवर किती थांबायचे यासाठी संख्याशास्त्रातला एक साधा नियम उपयोगी पडतो: सारख्याच प्रकारच्या, परस्परांवर अवलंबून नसलेल्या वापरांत एकही बिघाड दिसला नसेल, तर तीनला वापरांच्या संख्येने भागावे, ९५ टक्के खात्रीने म्हणता येते की बिघाडाचे खरे प्रमाण त्याहून जास्त नाही. ३०० वापर निर्विघ्न झाले तर बिघाड एक टक्क्यापर्यंत अजूनही असू शकतो, आणि तीस वापर झाले असतील तर दहा टक्क्यांपर्यंत. ‘दोन दिवस झाले, कोणी तक्रार केली नाही’ या वाक्याची खरी किंमत या भागाकाराने कळते.

क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या बाबतीत १९ जुलै २०२४ रोजी नेमकी ही पायरी गळली होती. एक सदोष फाइल ग्राहकांच्या यंत्रांवर एकदमच गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोज चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण त्याचा उपयोग फार थोड्यांना झाला, कारण कोसळलेले यंत्र सुरूच होत नव्हते आणि सुरू न होणाऱ्या यंत्राला दुरुस्ती पोहोचत नाही. माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन हाताने ती फाइल काढावी लागली. फाइल मागे घेणे आणि वापरकर्त्याला पूर्वस्थितीत आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिलीजच्या आधी तपासायची ती दुसरी.

परतीच्या वाटेचा सराव केलेला असणे तितकेच आवश्यक आहे. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने २०१२ मध्ये आठ सर्व्हरपैकी सातांवरच नवा कोड चढवला. आठव्यावर वर्षानुवर्षे निपचित पडलेला जुना कोड १ ऑगस्ट रोजी जागा झाला आणि बाजारात भरमसाट ऑर्डर टाकू लागला. गोंधळात टीमने उपाय म्हणून बाकीच्या सात सर्व्हरवरून नवा, बरोबर असलेला कोड काढून टाकला, त्यामुळे चुकीचे वर्तन आठही सर्व्हरवर पसरले. सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. आग लागल्यावर शिडी कोठे ठेवली आहे हे शोधण्याचा हा प्रकार टाळायचा असेल, तर रिलीजच्या आदल्या आठवड्यात एकदा मुद्दाम नवी आवृत्ती चढवून परत उतरवावी, बॅकअप नुसता घेऊ नये तर त्यातून डेटा खरोखर परत आणून पाहावा, आणि रात्री दोन वाजता ‘परत फिरा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा हे नावानिशी लिहून ठेवावे.

थांबण्याचीही किंमत मोजावी

घाईचा तोटा लगेच दिसतो, थांबण्याचा दिसत नाही, म्हणून तो कोणी मोजत नाही. नेटस्केपचा ४.० ब्राउझर १९९७ मध्ये आला आणि पुढचा मोठा आकडा, ६, थेट नोव्हेंबर २००० मध्ये. मधल्या काळात बराचसा कोड नव्याने लिहिण्याचे काम चालले होते. तेवढ्यात बाजार मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या प्रतिस्पर्धी ब्राउझरकडे सरकला, आणि इतके थांबूनही ६ ही आवृत्ती कच्चीच निघाली. ‘ड्यूक नुकेम फॉरेव्हर’ हा गेम १९९७ मध्ये जाहीर होऊन २०११ मध्ये बाजारात आला. परिपूर्णतेचे माप स्थिर नसते. आपण त्याच्याजवळ पोहोचेपर्यंत इतरांचे काम पाहून ते आणखी दूर जाते.

याहून रोखठोक कारण असे की साचलेले बदल तपासणे कठीण होते. दहा बदलांच्या रिलीजमध्ये काही मोडले तर दोषी शोधायला तासभर लागेल. चारशे बदलांच्या रिलीजमध्ये दोनदोन बदल एकमेकांशी भांडत असतात आणि आठवडा जातो. म्हणून अधिक सुरक्षित व्हावे यासाठी थांबलेले रिलीज अनेकदा अधिक धोक्याचे ठरते.

यावर उपाय म्हणजे तारीख पक्की आणि आशय लवचिक ठेवणे. उबंटू या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती २००४ पासून दर सहा महिन्यांनी निघते. तयार नसलेली सुविधा पुढच्या आवृत्तीत जाते, गाडी तिच्यासाठी खोळंबत नाही. (२००६ मध्ये एकदा दीर्घकाळ सांभाळायच्या आवृत्तीसाठी ती दोन महिने थांबवली गेली. अपवाद असू शकतो, पण तो जाहीरपणे आणि कारणासह करावा.) काम सुरू करतानाच, मने शांत असताना, ‘वेळ कमी पडला तर सर्वांत आधी काय गाळायचे’ याचा क्रम लिहून ठेवावा. शेवटच्या आठवड्यात हा क्रम ठरवायला गेले, तर सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची सुविधा वाचते.

रिलीजनंतरचे दोन आठवडेही आधीच राखून ठेवावेत आणि त्यांत नवे काम घेऊ नये. लवकर देण्याचे सारे समर्थन मागाहून सुधारण्यावर उभे आहे. सुधारायला माणूसच मोकळा नसेल, तर ते लवकर दिलेले नव्हे, टाकून दिलेले काम होते. तक्रारी वाचताना एकच गोष्ट पाहावी: तक्रार करणारा दुसऱ्या दिवशी परत आला का? चिडून परत येणाऱ्याला सॉफ्टवेअरची गरज आहे. गुपचूप निघून गेलेल्यांचा माग काढणे अधिक कठीण आणि अधिक महत्त्वाचे.

पाटी कोणती लावावी

‘बीटा’, म्हणजे अजून चाचणीतली आवृत्ती, हा शब्द झाकण म्हणून वापरू नये. जीमेलवर तो एप्रिल २००४ पासून जुलै २००९ पर्यंत होता, तोवर कोट्यवधी लोक तेथे आपला सारा पत्रव्यवहार ठेवून बसले होते. त्या पाटीतून वापरकर्त्याला काय समजावे? त्यापेक्षा साध्या वाक्यांत लिहावे: शोध अजून मंद आहे, अहवाल अपुरे आहेत, पण तुमच्या नोंदी आम्ही हरवणार नाही आणि त्या कधीही बाहेर काढून नेता येतील. कच्च्या सॉफ्टवेअरसाठी एवढे एक आश्वासन पुरते, आणि ते देता येत नसेल तर रिलीजची वेळ झालेली नाही.

आवृत्तीला १.० म्हणण्याचा मुहूर्त सुविधा किती झाल्या यावर ठरवू नये. प्रचलित क्रमांकपद्धतीत शून्याने सुरू होणारा आकडा ‘काहीही बदलू शकते’ असे सांगतो, म्हणून पहिल्या रकान्यातील गोष्टी यापुढे बदलणार नाही असे म्हणण्याची तयारी झाली की १.० म्हणावे. या बाबतीत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचे ‘टेक’ हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर टोकाला गेलेले आहे. एकच मजकूर अनेक वर्षांनीही तसाच्या तसा जुळावा हे त्याचे प्रयोजन असल्याने त्यांनी नव्या सुविधा कायमच्या बंद केल्या. आता फक्त दोष दुरुस्त होतात आणि दर दुरुस्तीच्या आवृत्तीला क्रमांकात गणितातील π (पाय) या संख्येचा एक अंक वाढतो, ३.१४, ३.१४१, ३.१४१५ असा. आपल्या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरला तसे करण्याची गरज नाही. त्याचा सभासद क्रमांक, तारखांचे रूप आणि फाइलचा आराखडा तीन रिलीज न बदलता टिकले असतील, तर चौथ्यावर १.० लिहावे, मग मुख्य पडदा कसाही दिसत असो.